‘पत्ता माहीत नाही’: रस्त्यावरून मनोरुग्णालयात आणि तिथून भाड्याच्या घरात

स्टेशनबाहेर, हायवेच्या कडेला किंवा एसटी स्टँडच्या बाकावर महिनोन्‌महिने दिसणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या, केसांच्या जटा झालेल्या माणसाला कुणीतरी उचलून दवाखान्यात नेते, तेव्हा पहिला कागद भरला जातो. नाव, वय, गाव, नातेवाईक. नावापुढे बहुधा ‘अनोळखी’ येते आणि पत्त्यापुढे ‘माहीत नाही’. औषधे सुरू झाली की चार-सहा आठवड्यांत यातली बरीच माणसे नाव सांगू लागतात, भाकरी मागून खातात, शेजारच्याची विचारपूस करतात. आजार आटोक्यात येतो, पत्त्याचा रकाना मात्र तसाच राहतो आणि त्या रिकाम्या रकान्यापायी माणूस वीस-वीस वर्षे वॉर्डात काढतो.

अशा माणसांना मनोरुग्णालयातून साध्या वस्तीतल्या, सोबतीला मदतनीस असलेल्या घरात नेण्याचे काम गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे उभे राहिले आहे. संस्था, सरकारी रुग्णालये, घरमालक आणि शेजारी या सगळ्यांनी हात लावल्याशिवाय ते होत नाही. ते इतक्या उशिरा का सुरू झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. त्यानंतर १९१२चा ‘लुनॅसी अॅक्ट’, म्हणजे वेडसरपणाविषयीचा कायदा आला. भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलिसांनी पकडावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि हुकूम घेऊन आत टाकावे, असा त्याचा साचा होता. समाजाला त्रास होऊ नये ही त्यामागची काळजी. आत गेलेल्याने बाहेर कसे यायचे, याचा फारसा विचार त्यात नव्हता. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालला. त्याची जागा घेणारा कायदा १९८७ साली झाला आणि प्रत्यक्षात लागू व्हायला १९९३ उजाडले.

दरम्यान १९५९ साली मुंबई राज्याने भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. भीक मागणारा तर त्यात आलाच. पण उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरतो की भीक मागूनच जगत असावा असे वाटते, तोही भिक्षेकरी ठरला. म्हणजे मळके कपडे आणि डोक्यावर छप्पर नाही, एवढे पकडायला पुरेसे होते. दोषी ठरल्यास पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. चेंबूरचे भिक्षेकरी गृह मुंबईकरांना ठाऊक आहे. हा कायदा पुढे दिल्लीसह इतर ठिकाणीही लागू केला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये त्यातली मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त नुकसान या एका व्याख्येने केले. बेघर असणे हा गुन्हा, हे तिने पोलिसांच्याच नव्हे, तर तुमच्या-माझ्याही डोक्यात बसवले.

ही चौकट बाहेरून हलवायला सुरुवात झाली १९८८च्या सुमारास, मुंबईत. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी या मनोविकारतज्ज्ञ जोडप्याला रस्त्यावर एक तरुण दिसला. हातात नारळाची करवंटी घेऊन तो गटाराचे पाणी पीत होता. त्यांनी त्याला आपल्या छोट्या नर्सिंग होममध्ये आणले, औषधे दिली. तो बरा झाल्यावर कळले की हा पदवीधर आहे, आंध्रातला आहे आणि घरचे त्याला शोधत आहेत. ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ची सुरुवात इथून झाली. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे एक शिक्षक अशाच अवस्थेत रस्त्यावर सापडले. ते सावरले आणि त्यानंतर चित्रकार मंडळींनी आपली चित्रे देऊन संस्थेसाठी निधी उभा केला. दवाखान्याबाहेरच्या लोकांनी या कामाला आपले मानल्याचे इतके सुरुवातीचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. २००६पासून कर्जतला संस्थेचे मोठे केंद्र आहे. २०१८ साली डॉ. वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत सात हजारांहून अधिक माणसे घरी पोहोचली होती.

घरी पोहोचवणे म्हणजे तिकीट काढून गाडीत बसवून देणे नव्हे. माणूस तेलुगू बोलतो की ओडिया, बंगाली असेल तर कुठल्या भागातली, गावाचे नाव सांगता येत नसेल तर जवळची नदी, जत्रा, देऊळ, बाजाराचा वार असे एकेक धागे जुळवत कार्यकर्ता जिल्ह्यापर्यंत येतो, तिथून तालुक्यापर्यंत. मग सोबत प्रवास. दारात उभे राहून ‘हा तुमचाच ना?’ असे विचारणे, औषधे हातात देणे, ती का थांबवायची नाहीत हे आईला, भावाला, सरपंचाला समजावणे. ज्याचे दिवस घालून झालेले असतात, अशा माणसालाही दारात उभे करावे लागते.

१९९३ साली चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी ‘द बनियन’ सुरू केली, रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी. अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्याकडेच्या निराधारांना घरून डबे नेऊन देत असत. त्यातूनच १९९८ साली ‘माऊली सेवा प्रतिष्ठान’ उभे राहिले. तिथे येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींवर रस्त्यावर अत्याचार झालेले असतात. काहींच्या पोटात मूल असते. मुलेही तिथेच वाढतात.

या सगळ्यांना पुढे एकच अडचण येऊन भिडली. सगळ्यांना परत जायला घर नसते. कुणाचे आईवडील गेलेले असतात. कुणाच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असतो. कुणी पत्ता पक्का सांगते, पण घरचे ओळख देत नाहीत. आणि एखादी स्पष्ट म्हणते, मला तिकडे जायचेच नाही, तिथे मारायचे. बायकांच्या बाबतीत हे जास्त घडते. बरा झालेला भाऊ घरात चालतो, बरी झालेली नणंद चालत नाही. ही गोष्ट कडू आहे, पण ती लपवून या विषयावर काही लिहिण्यात अर्थ नाही.

मग या माणसांनी कुठे राहायचे? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि साखळ्यांवर देशभर चर्चा झाली. पण साखळी सोडल्यावर माणूस जाणार कुठे, यावर तेव्हा फारसे कुणी बोलले नाही.

बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. दिल्लीत २००९च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, एक रात्रनिवारा पाडला गेला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि २०१०मध्ये शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बाराही महिने चोवीस तास चालणारा निवारा असावा असे आदेश झाले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघर निवाऱ्याची योजना आली. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले होते, त्यातले २.१ लाखांवर महाराष्ट्रात. निवारे हवेतच. पण पन्नास-शंभर खाटांची खोली म्हणजे घर नव्हे, आणि भास होणाऱ्या, औषधावर असलेल्या माणसाला तिथे टिकणे अवघड जाते.

बाहेरच्या जगात तोवर एक वेगळा प्रयोग रुजला होता. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस यांनी नेहमीचा क्रम उलटा केला. आधी नशा सोडा, उपचार घ्या, मग घर मिळेल, ही अट काढून त्यांनी आधी घर दिले आणि बाकीचे नंतर. फिनलंडने २००८पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. पण तिथे सरकारी भाडे-मदत असते. आपल्याकडे तसे काही नसताना हे जमणार कसे?

‘बनियन’ने २०१५मध्ये ‘होम अगेन’ सुरू केले, तमिळनाडूत आणि ‘आशादीप’ या संस्थेसोबत आसाममध्ये. रीत साधी आहे. साध्या वस्तीत भाड्याने घर घ्यायचे, चार-पाच जणांनी एकत्र राहायचे. कुणासोबत राहायचे हे त्यांनीच ठरवायचे. सोबतीला मदतनीस, बहुतेक वेळा आसपासच्याच बायका, ज्यांना या कामाचे प्रशिक्षण दिलेले असते. डॉक्टर अधूनमधून येतो, घर मात्र डॉक्टरच्या वेळापत्रकावर चालत नाही. वॉर्डात बारा वर्षे ठरलेल्या वेळी वाढलेले ताट पुढे घेतलेली बाई इथे पहिल्यांदा ठरवते की आज वांगे करायचे की नाही. काहींना पहिले काही दिवस दिवा कधी मालवायचा हेसुद्धा विचारावेसे वाटते. रात्री कडी आतून लावता येते, हेच कित्येकींना नवीन असते. कुणी पापड लाटते, कुणी बकरी पाळते, कुणी काहीच करत नाही, नुसती ओट्यावर बसते. तेही चालते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित मानसिक आरोग्य सेवांच्या मार्गदर्शिकेत या कामाची नोंद घेतली.

कायदाही इथवर आला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम १९मध्ये सांगतो की कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. सरकारने त्यासाठी बाहेर सोयी उभ्या कराव्यात असेही त्यात आहे. सोयी मात्र कायद्याबरोबर आल्या नाहीत. ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या एका पाहणीत वर्षाहून जास्त काळ आत असलेले ४,९३५ जण आढळले, एकूण रुग्णांच्या ३६ टक्क्यांच्या आसपास. आणि बरे झालेल्यांना बाहेर काढण्याचा दबाव आला तेव्हा आपल्या राज्यात काय झाले? काहींना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले गेले. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला हे ताबडतोब थांबवायला सांगितले. साठ वर्षांपूर्वीची व्याख्या अशी फिरून परत आली होती.

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यातल्या रत्नागिरीत ‘बनियन’ने सरकारी रुग्णालयाशी हात मिळवून हे घरांचे काम कोकणात आणले. भागीदारी हा शब्द ऐकायला गुळगुळीत वाटतो. प्रत्यक्षात रुग्णालयाने डिस्चार्जच्या कागदावर सही करायची, संस्थेने आपल्या नावावर ११ महिन्यांचा करार करायचा, पोलीस ठाण्यात भाडेकरूंची नोंद करायची. आधार कार्ड काढायचे, पण त्याला पत्त्याचा पुरावा लागतो. बँकेत खाते उघडायचे, पण त्याला आधार लागते. घरमालक विचारतो, ‘मारणार-बिरणार तर नाहीत ना?’ आणि कार्यकर्त्याला त्याच्या ओसरीवर बसून तासभर बोलावे लागते. शेजारीण पहिल्या महिन्यात दार लावून घेते, सणाला वाटीभर खीर पाठवते, मग मुलाला घटकाभर यांच्याकडे सोडून बाजारात जाते. यातले शेवटचे पाऊल कुठल्याही आदेशाने पडत नाही.

पैशाचे मात्र अजून सुटलेले नाही. रुग्णालयातल्या खाटेचा खर्च सरकारी अंदाजपत्रकात दरवर्षी ठरलेला असतो. तोच माणूस बाहेर घरात राहायला गेला की भाडे, किराणा, मदतनिसाचा पगार हे सगळे देणगीदारांच्या भरवशावर येते. आणि अकरा महिने भरले की कार्यकर्ते पुन्हा घरमालकाच्या ओसरीवर. तो नाही म्हणाला, तर त्याच वस्तीत दुसरे घर शोधायचे, म्हणजे किराणावाला, दवाखाना आणि खीर पाठवणारी शेजारीण तरी तीच राहील.