केली आणि रिस्क ऑफ रुइन: आकडे तेच, प्रश्न वेगळे

परवा एका मित्राने त्याची एक्सेल शीट पाठवली. गोव्याला जायचंय त्याला, तीन दिवस, फक्त पोकर खेळायला, आणि शीटच्या शेवटच्या खान्यात पिवळ्या रंगात लिहिलेलं, बँकरोल (फक्त खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) १,६२,००० रुपये. त्याच्या शेजारी "केलीप्रमाणे सेफ". केली म्हणजे किती पैसे लावायचे ते सांगणारा फॉर्म्युला. आकडा बरोबर होता, मी दोनदा करून बघितला. पण "सेफ" हा शब्द त्या खान्यातला नव्हताच, तो दुसऱ्याच फॉर्म्युल्याचा, रिस्क ऑफ रुइनचा (सगळे पैसे बुडायची शक्यता), शब्द आहे. ही गल्लत मी इतक्यांदा बघितलीये आणि त्यात चांगल्या खेळणाऱ्यांचे पैसे जातानाही बघितलेत, म्हणून जरा बैजवार लिहितोय.

आधी त्याचा आकडा कुठून आला ते बघू. त्याने धरलं होतं की तो १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (डाव सुरू व्हायच्या आधी सक्तीने टाकायची मोठी रक्कम, पोकरमध्ये सगळं त्यातच मोजतात) जिंकतो, हा त्याचा विनरेट. आणि दर १०० डावांना वरखाली होतं ते साधारण ९० बिग ब्लाइंड, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, नो लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराला ९० हा ठीक अंदाज आहे. ९० चा वर्ग ८१००, त्याला ५ ने भागलं की १६२०. एवढे बिग ब्लाइंड. ५०-१०० च्या टेबलावर एक बिग ब्लाइंड १०० रुपयांचा, म्हणून १,६२,०००. टेबलावर बसताना न्यायची रक्कम म्हणजे बाय-इन, तो दहा हजारांचा धरला तर सोळा बाय-इन.

हा झाला केली. जॉन केली बेल लॅब्समध्ये होता, त्याने १९५६ साली हे गणित मांडलं, प्रश्न असा की बातमी आपल्याला आधी कळतेय पण लाइनवर खरखर आहे, ती कधीकधी चुकीची निघते, तर आपल्या पैशातला किती भाग लावायचा. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने ते ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराला वापरलं. केलीचा प्रश्न एकच: पैसा लांबच्या पल्ल्यात सगळ्यात वेगाने वाढावा म्हणून प्रत्येक वेळी हातात आत्ता असलेल्या पैशाचा किती टक्का लावू? साधं उदाहरण, नाणं १०० पैकी ६० वेळा तुमच्या बाजूने पडतं आणि दामदुप्पट मिळते, तर केली सांगतो २० टक्के लावा. ४० टक्के लावलेत तर नाणं तुमच्याच बाजूचं असूनही पैसा वाढतच नाही, उलट किंचित घटतो. मला स्वतःला हे पटायला बरेच दिवस लागले होते.

"हातात आत्ता असलेल्या" हे मुद्दाम म्हटलंय, कारण सगळी गोम तिथेच आहे. पैसे निम्मे झाले की बेटही निम्मी. पोकरच्या भाषेत, बँकरोल ८१,००० वर आला की ५०-१०० सोडून २५-५० ला बसायचं, लगेच, मूड असो नसो. आणि ही वेळ येणं अजिबात दुर्मीळ नाही. पूर्ण केलीने खेळणाऱ्याचा पैसा आयुष्यात कधी ना कधी निम्म्यावर यायची शक्यता बरोब्बर ५० टक्के असते, एक तृतीयांशावर यायची ३३ टक्के. म्हणजे केलीला सेफ म्हणणं मुळातच चुकीचं आहे, तो वेगाचा फॉर्म्युला आहे. अर्धी केली घेतलीत, म्हणजे आपल्या उदाहरणात ३२ बाय-इन ठेवलेत, तर वाढीचा वेग पाऊणपट राहतो पण निम्म्यावर यायची शक्यता साडेबारा टक्क्यांवर येते. हा सौदा मला कायम बरा वाटतो.

आता रिस्क ऑफ रुइन. यातही तोच विनरेट, तेच ९०, म्हणूनच गोंधळ होतो. पण हा विचारतो की मी एकाच स्टेकला, म्हणजे त्याच ब्लाइंडच्या टेबलाला, बसून राहिलो, कधीच खाली उतरलो नाही, तर सगळे पैसे संपायची शक्यता किती? उत्तर विनरेट गुणिले बँकरोल गुणिले दोन, भागिले स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, आणि 'ई' चा (गणितातला २.७१८ हा आकडा) तेवढा ऋण घात. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. मित्राच्या १६२० बिग ब्लाइंडला ते येतं साडेतेरा टक्के. म्हणजे त्याच आकड्यावर, स्टेक न बदलता, असे शंभर जण खेळत राहिले तर तेरा-चौदा जण कफल्लक, आणि हे सगळे खरोखर जिंकणारे खेळाडू बरं का, हरणारे नाहीत. वीस बाय-इनला साडेआठ टक्के, चाळीसला एक टक्क्याच्या आत.

थोडक्यात केलीचा आकडा खाली उतरायच्या अटीवर दिलेला असतो आणि लोक आकडा घेतात, अट सोडून देतात. ते प्रसिद्ध "वीस बाय-इन" चं पण तसंच. ख्रिस फर्ग्युसन या पोकर खेळाडूने २००६ मध्ये शून्यापासून १०,००० डॉलर करायचं ठरवलं आणि केलं, त्याचा नियम सगळ्यांना पाठ आहे की एका कॅश गेमला बँकरोलच्या पाच टक्क्यांहून जास्त न्यायचे नाहीत, म्हणजेच वीस बाय-इन. पण ते पाच टक्के दर वेळी नव्याने मोजायचे होते, पैसे कमी झाले की छोट्या टेबलावर, आणि टेबलावरचे पैसे बँकरोलच्या दहा टक्क्यांवर गेले तर उठायचं हेही त्यात होतं, ते कुणी सांगत नाही.

मग आपल्याकडे कुठलं वापरायचं? पूर्वी ऑनलाइन अगदी दोन-पाच रुपयांच्या ब्लाइंडपर्यंत टेबलं होती, उतरायला पायऱ्या होत्या, तिथे केली चालायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि ते पैशांचे खेळ बंद झाले. आता गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत जाऊन बसलात तर त्या रात्री जे टेबल लागलंय तेच, त्याच्या खालचं नसलंच तर केली तुम्हाला "निम्मं लावा" सांगून काय करणार, निम्मं लावायला जागाच नाहीये. अशा ठिकाणी रिस्क ऑफ रुइनच बघायचा.

आणि तो विनरेट! सगळं त्या ५ वर उभंय. एक लाख डाव खेळलात तरी विनरेटमध्ये जवळपास २.८ ची चूक राहते, म्हणजे ५ दिसतंय ते खरं अडीच असणं अजिबात विशेष नाही. आणि समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, लाख डावांना तीन हजारांवर तास लागतील. अडीच असेल तर तेच सोळा बाय-इन डबल केली होतात, वाढ शून्य. न उतरता खेळलं तर बुडायची शक्यता ३७ टक्के. त्यात घरखर्चाला त्यातलेच पैसे काढत असाल तर विनरेट अजून कमी धरायचा, हे शीटमध्ये कुणीच टाकत नाही.

टूर्नामेंटला यातलं काही सरळ लावू नका, तिथे बक्षिसांचा मोठा भाग वरच्या थोड्या जणांत जातो आणि वरखाली फार मोठं असतं. एका डावात किती बेट मारायची त्याच्याशीही याचा संबंध नाही, ते पॉट (टेबलावर मध्ये जमलेले पैसे) आणि समोरच्याच्या पत्त्यांचं गणित.

मित्राला मी शीट परत पाठवली. "केलीप्रमाणे सेफ" खोडून दोन खाने केले. पहिल्यात केली, अडीचच्या विनरेटने, ३,२४,०००, खाली लिहिलं की छोटं टेबल असेल तरच. दुसऱ्यात रिस्क ऑफ रुइन पाच टक्क्यांवर ठेवायचा असेल तर, न उतरता, साधारण ४,८५,०००. त्याचा लगेच फोन, अरे मग मी जाऊच नको का. तसं नाहीये. तीन दिवसांत जेमतेम नऊशे डाव होतील, तेवढ्यात सोळा बाय-इन जाणं जवळजवळ अशक्य, पण खरा ५ चा खेळाडूसुद्धा अशा शंभर ट्रिपमधल्या ४३ वेळा हरून येतो. तेव्हा १,६२,००० घरी ठेव, तीस हजार वेगळे काढ, ते संपले तर उरलेले दिवस समुद्रावर, आणि परत आल्यावर किती डाव झाले, किती आले-गेले ते लिहून ठेव. शुक्रवारी निघतोय तो, तीन बाय-इन घेऊन.