गुडघा बदलल्यानंतर आधी तो सरळ व्हावा लागतो

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर भेटायला येणारी मंडळी रुग्णाला बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘‘आता किती वाकतो?’’ रुग्णही फिजिओथेरपिस्टने मोजलेला अंशांचा आकडा (पाय पूर्ण सरळ असताना तो शून्य असतो) सांगतो आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा आकडा दहाने जास्त असेल तर मनातून खट्टू होतो. पाय पूर्ण सरळ होतो का आणि मांडीचा पुढचा स्नायू कामाला लागला का, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. पहिल्या काही आठवड्यांत उभे राहणे, चालणे आणि जिना चढणे या गोष्टी मुख्यतः या दोन बाबींवर अवलंबून असतात.

शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांचा झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर कापून काढतात, त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मधे पॉलिएथिलिन या प्लास्टिकची गादी ठेवतात. गरज वाटल्यास वाटीच्या आतल्या बाजूलाही प्लास्टिकचा पातळ भाग लावला जातो. मूळ सांध्यातल्या कूर्चेच्या चकत्या आणि हाडे जोडणाऱ्या, एकमेकांना छेदून जाणाऱ्या दोन बंधांपैकी पुढचा बंध सहसा काढून टाकावा लागतो. हा नवा सांधा शरीराचे वजन त्याच दिवशी पेलू शकतो आणि म्हणूनच हल्ली रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले जाते. म्हणजे धातूचे काम पहिल्याच दिवशी पूर्ण झालेले असते. मागे पडतो तो स्नायू.

मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स हा चार भागांचा मोठा स्नायू असतो. पाय सरळ करणे आणि शरीर खाली जाताना गुडघा एकदम दुमडू न देणे हे त्याचे काम. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने या स्नायूची ताकद शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत साधारण निम्म्यावर, काहींच्या बाबतीत त्याहूनही खाली आलेली आढळते. एवढ्या थोड्या काळात स्नायू इतका सुकत नाही. ताकद घटते ती प्रामुख्याने आज्ञा पोहोचत नाही म्हणून. सांध्याला सूज आली की त्याच्या आवरणातल्या चेतातंतूंकडून मज्जारज्जूला सतत संदेश जात राहतात आणि मज्जारज्जू क्वाड्रिसेप्सकडे जाणारे संकेत दाबून टाकतो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात मिठाचे सौम्य द्रावण टोचून केलेल्या प्रयोगांत २० ते ३० मिलिलिटर द्रव भरताच या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग मंदावला आणि ५० ते ६० मिलिलिटरला बाकीचे भागही ढिले पडले. त्या गुडघ्यांत ना जखम होती ना वेदना. शस्त्रक्रियेनंतरच्या गुडघ्यात तर सूज, वेदना आणि कापलेल्या ऊती असे सगळेच एकत्र असते, त्यामुळे ‘‘मी जोर लावतो, पण पाय उचललाच जात नाही’’ ही रुग्णाची तक्रार आळसातून आलेली नसते.

रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती पाहून काहींना वाटते की आता हा त्रास टळेल. रोबोटमुळे हाडाचा काप अधिक अचूक येतो, हे खरे आहे. परंतु सुजलेल्या सांध्यामुळे दबलेला स्नायू जागा करण्याचे काम तो करत नाही. ते काम खाटेवरच सुरू होते आणि दिसायला अगदी क्षुल्लक असते. पाय पसरून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची, मांडी आवळून काही क्षण धरायची आणि सोडायची, एवढेच. दिवसातून अनेकदा केलेल्या या आवळण्याने स्नायूकडे जाणारी वाट पुन्हा रुळते. ज्यांना मांडी आवळताच येत नाही, त्यांच्या स्नायूला सौम्य विद्युतप्रवाहाने आकुंचन पावायला लावण्याचा उपाय सुरुवातीच्या आठवड्यांत उपयोगी पडतो. पुढे सरळ पाय उचलताना टाच उचलली जाते आणि गुडघा मात्र किंचित वाकलेलाच राहतो, असे दिसले तर स्नायूचा जोर अजून शेवटच्या काही अंशांपर्यंत पोहोचलेला नाही, असे समजावे.

पाय सरळ होण्याला इतके महत्त्व का, हे उभ्या माणसाकडे पाहिले की कळते. गुडघा पूर्ण ताठ असताना शरीराच्या भाराची रेषा सांध्याच्या किंचित पुढून जाते आणि मांडीच्या स्नायूला जवळजवळ विश्रांती मिळते. तोच गुडघा दहा-पंधरा अंशांत अडकून राहिला की भाराची रेषा मागे सरकते, मग नुसते उभे राहण्यासाठीही स्नायूला अखंड ताणून राहावे लागते, चालताना तो पाय आखूड झाल्यासारखा वाटतो आणि कंबर दुखू लागते. या अडकण्याला बऱ्याचदा कारणीभूत ठरते ती प्रेमाने दिलेली उशी. सुजलेल्या सांध्यातला दाब गुडघा साधारण ३० अंशांत असताना सर्वांत कमी असतो, त्यामुळे गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते आणि घरातली माणसेही ती आपणहून सरकवून देतात. तास न् तास तसे पडून राहिल्यास सांध्याच्या मागच्या ऊती आखडत जातात. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली द्यावा आणि गुडघा अधांतरी सोडावा. तो खाली झुकताना मागे ताण बसतो आणि तो ताण नकोसा वाटला तरी उपयोगाचा असतो.

वाकण्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. सपाट जमिनीवर चालताना पाय पुढे घेण्यासाठी गुडघा सुमारे ६० ते ७० अंश वाकावा लागतो, जिना चढताना ८० च्या पुढे, उतरताना ९० च्या आसपास आणि साध्या खुर्चीतून उठताना ९० पासून १०५ अंशांपर्यंत. म्हणजे ११० अंश मिळाले तर घरातले आणि रस्त्यावरचे बहुतेक व्यवहार होतात. अंतिम आकडा किती येईल, हे मोठ्या प्रमाणात शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता यावर ठरते, त्यामुळे वर्षानुवर्षे आखडलेल्या गुडघ्याची शेजाऱ्याच्या गुडघ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. पाय आपोआप वाकवणारे यंत्र पूर्वी सर्रास लावले जाई. अनेक चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष काढल्यावर त्यामुळे वाकण्यात सरासरी दोनेक अंशांचाच फरक पडतो असे दिसले आणि त्याचा वापर पुष्कळ ठिकाणी मागे पडला. स्वतःच्या स्नायूंनी टाच ओढत गुडघा वाकवणे अधिक फलदायी ठरते. काही रुग्णांत मात्र जखम भरताना सांध्यात घट्ट तंतुमय ऊती वाढतात आणि नेमाने व्यायाम करूनही गुडघा अडतो. अशा वेळी भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करतात आणि हा उपाय पहिल्या सुमारे १२ आठवड्यांत केल्यास अधिक चांगला लागू पडतो. त्यामुळे प्रगती थांबली आहे असे वाटले तर ‘‘होईल हळूहळू’’ म्हणत थांबू नये.

अति व्यायामाचा धोकाही आहेच. दुपारी उत्साहाने सोसायटीला चार फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी गुडघा फुगून गरम झाला, तर वाढलेल्या सुजेने स्नायू पुन्हा दाबला जातो. थोड्या थोड्या वेळाने थोडेथोडे चालणे, मधे पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवून पडणे आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावणे, हा क्रम बरा. सांध्याभोवतीची ऊब काही महिने टिकू शकते, तिने घाबरू नये. परंतु पोटरी दुखून सुजणे, अचानक धाप लागणे, ताप येणे किंवा जखमेतून स्राव येणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. घोटा वरखाली करण्याचा व्यायाम पोटरीतले रक्त वाहते राहावे आणि त्याची गुठळी होऊ नये यासाठीच सांगितलेला असतो.

वॉकर सुटल्यावर हातात काठी येते आणि ती हमखास चुकीच्या हातात धरली जाते. ती शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात असावी, म्हणजे दुखऱ्या पायासोबत काठी पुढे पडते आणि भार दोघांत वाटला जातो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रिया झालेला. संवेदक बसवलेल्या कृत्रिम सांध्यांतून केलेल्या मोजणीत चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार आढळला आहे. उतरणे चढण्यापेक्षा उशिरा जमते, त्याचे हेही एक कारण. एसटीची उंच पायरी तर कठडा घट्ट धरूनच उतरावी.

राहतो प्रश्न जमिनीवर बसण्याचा, जो आपल्याकडे पंगत, पूजा आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांमुळे टाळता येत नाही. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे यांना ११० अंशांहून बरेच अधिक वाकणे लागते. काहींना ते जमते, पण खोल वाकताना प्लास्टिकच्या गादीच्या मागच्या कडेवर ताण वाढतो, म्हणून शल्यविशारद बहुधा कमोड आणि खुर्चीच सुचवतात. गुडघे टेकणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. छेद देताना त्वचेची एक लहान चेतातंतुशाखा बहुधा कापली जाते, वणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो आणि तिथे टेकले की चमत्कारिक वाटते; एवढ्यावरून पुष्कळजण गुडघा कायमचा जपू लागतात. जखम पूर्ण भरल्यावर, शल्यविशारदाची संमती असल्यास, मऊ घडीवर टेकण्याने सांध्याला सहसा इजा होत नाही. शिवाय ते यायलाच हवे, कारण कधी तोल जाऊन खाली पडल्यास उठण्याचा मार्ग त्यातूनच जातो. आधी कुशीवर वळायचे, मग हात व गुडघे टेकून खुर्चीपर्यंत जायचे, दोन्ही हात तिच्या बैठकीवर ठेवायचे, चांगल्या पायाचा तळवा पुढे रोवायचा आणि त्याच पायाच्या जोरावर वर यायचे. हे आधी फिजिओथेरपिस्टसमोर, सतरंजीवर, घरातले कोणी जवळ असताना शिकून घ्यावे.