क्राकूवचा ज्यू फेस्टिव्हल: आधी उत्सव, माणसं मागून

पोलंडमधल्या क्राकूवला उन्हाळ्यात ज्यू कल्चर फेस्टिव्हल होतो, शेरोका रस्त्यावर क्लेझमर म्हणजे जुनं ज्यू लग्नातलं म्युझिक रात्री उशिरापर्यंत वाजलंय आणि त्यावर हजारो लोक नाचलेत. पण १९८८ मध्ये तो सुरू करणारे यानुश माकुख आणि क्षिश्तोफ गिएरात दोघंही ज्यू नाहीत. हे कसं काय, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धाआधी क्राकूवमध्ये साठ हजारांवर ज्यू होते, म्हणजे शहरातला प्रत्येक चौथा माणूस, आणि त्यांचा जुना मोहल्ला म्हणजे काझिमिएश. १९४१ मध्ये नाझींनी त्यांना नदीपलीकडे पोदगुझेच्या घेटोत, म्हणजे ज्यूंसाठी बंदिस्त केलेल्या वस्तीत, कोंडलं, १९४३ च्या मार्चमध्ये तोही रिकामा केला. जे वाचले त्यांचंही नंतर काही धड झालं नाही, १९४६ ला पोलंडमधल्याच किएल्त्से शहरात जमावाने चाळीसेक ज्यू मारले (युद्ध संपल्यावर, हे लक्षात घ्या), मग १९६८ मध्ये सरकारनेच ज्यूंविरुद्ध मोहीम काढली आणि हजारो जण देश सोडून गेले. उरलेल्यांपैकी कितीतरी जणांनी मुलांनासुद्धा आपण ज्यू आहोत हे सांगितलं नाही.

काझिमिएश मात्र नुसताच पडून, पडकी घरं, बंद सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं. १९९३ मध्ये हॉलिवूडच्या स्पीलबर्गने नाझी काळातल्या ज्यूंवरच्या शिंडलर्स लिस्ट सिनेमाचं शूटिंग तिथं केलं आणि टुरिस्टांची रांग लागली, घेटोचे सीनही इथलेच, त्यामुळे बऱ्याच जणांना घेटो इथंच होता असं वाटतं. मग कॅफे आले, आणि हातात नाणं धरलेल्या ज्यूचे लाकडी पुतळे, घरात ठेवले की पैसा येतो म्हणे! मला तरी ते बघवत नाही. ज्यूंशिवाय ज्यू कल्चर, ही टीका तेव्हापासूनची, आणि ती अगदीच चूक नव्हती.

पण पुढे वेगळंच घडलं. कुणाची आजी मरताना आपण ज्यू आहोत हे सांगून गेली, कुणाला जुने कागद सापडले, आणि अशा लोकांना जायला जागा हवी होती. ब्रिटनच्या तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सनी २००२ च्या भेटीत इथल्या म्हाताऱ्या ज्यूंना भेटून अशा जागेचा विषय लावून धरला, आणि २००८ मध्ये ज्यू कम्युनिटी सेंटर उघडलं, उद्घाटनालाही तेच आले. तिथं शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, जेवण असतं.

जुन्या घरांच्या दारांवर, उजव्या चौकटीला, अजून कुठेकुठे तिरकी खाच दिसते. तिथं मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, असायची. वॉर्सातले दोन कलाकार अशा खाचांचे साचे घेऊन त्यातून ब्राँझच्या नव्या मेझुझा ओततात, आणि त्या परत कुणाच्या तरी दाराला लागतात.