‘ओके’चा माग: 1840 वरून 1839 पर्यंत

‘ओके’ कुठून आला याच्या अनेक कथा फिरतात. कुणी तो अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या चॉक्टॉ भाषेतला मानतो, कुणी ग्रीक ‘ओला काला’तून (‘सगळे ठीक’) काढतो, तर कुणी अमेरिकी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कच्च्या स्पेलिंगवर ढकलतो. उच्चार सगळीकडे जुळतो, छापील पुराव्याची साखळी मात्र जुळत नाही. ती जुळवली कोलंबिया विद्यापीठातले शब्दअभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी, शोधयंत्रे नव्हती त्या काळात, जुन्या फायलींची पाने उलटून.

त्यांचे पहिले उत्तर 1941 चे. 1840 च्या अमेरिकी निवडणुकीत अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे होते. त्यांचे जन्मगाव किंडरहुक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहुक’, आणि न्यूयॉर्कमधल्या समर्थकांचा ‘ओ. के. क्लब’. अक्षरे जुळली, काळही जुळला. तरीही रीड शोधत राहिले, आणि 1963-64 मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या त्रैमासिकातल्या लेखमालेत त्यांनी आपलेच उत्तर मागे घेतले. 23 मार्च 1839 च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ सापडला होता आणि त्याला लागूनच ‘ऑल करेक्ट’ असा खुलासा छापला होता.

हा खुलासा फार मोलाचा. शब्द वाचकाला कळेल की नाही अशी शंका असली की लिहिणारा अर्थ सोबत देतो. शब्द रुळला की खुलासा गळून पडतो. म्हणून नोंदी काढताना तारखेशेजारी ‘खुलासा आहे / नाही’ असा रकाना ठेवावा. शब्द कुठे नवा होता आणि कुठे मुरला होता, हे त्यावरून दिसते.

पण सर्वांत जुनी नोंद म्हणजे उगम, असे नव्हे. रीड यांचे खरे काम त्या नोंदीच्या आजूबाजूचे आहे. 1838 पासून बोस्टनच्या वृत्तपत्रांत आद्याक्षरांची टूम आली होती, तीही मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची. ‘ऑल राइट’चे (oll wright असे लिहून) ‘ओ. डब्ल्यू.’ होई, त्याच रीतीने ‘ऑल’च्या एला ओ आणि ‘करेक्ट’च्या सीला के लावून ‘ओ. के.’ झाले. अशी भावंडे सापडल्यामुळे व्युत्पत्ती पक्की ठरते. भावंडे विरली, ‘ओ. के.’ टिकला, कारण पुढच्याच वर्षी निवडणुकीने त्याला उचलून धरले. किंडरहुकने शब्दाला जन्म दिला नाही, पण देशभर पोहोचवले. जॅक्सन यांची कथाही त्याच प्रचारात व्हॅन ब्यूरेन यांच्या विरोधकांनी पसरवलेली.

आज डिजिटल संग्रहांत हाच शोध घ्यायचा तर दोन अक्षरांचा शब्द नीट हाती लागत नाही. ओसीआर, म्हणजे छापील पानाचे चित्र वाचून मजकूर बनवणारी प्रणाली, ‘ओ’ला शून्य समजतो, पूर्णविराम गिळतो, आणि माणसांच्या नावांची आद्याक्षरे ढिगाने पुढे करतो. अशा वेळी शब्दाऐवजी त्याचा खुलासा शोधावा: ‘ऑल करेक्ट’ हा पूर्ण वाक्प्रयोग, एकेका वर्षापुरता. मासिकांत वेगळाच घोळ असतो. बांधीव खंडातल्या सगळ्या अंकांना कधीकधी पहिल्याच अंकाचे वर्ष चिकटलेले असते, त्यामुळे नोंद काही दशके जुनी भासते. अंकाचे मुखपृष्ठ किंवा पानाचा माथा पाहिल्याशिवाय तारीख लिहू नये.

आकडेही जपून वापरावेत. 1792 च्या टपाल कायद्याने अमेरिकी वृत्तपत्रांना एकमेकांकडे अंक विनाशुल्क पाठवता येत, आणि संपादक त्यांतला मजकूर सर्रास उचलून छापत. एकच विनोद दहा गावांत छापला गेला असेल तर वापर एकच धरावा. त्या दहा तारखा शब्दाच्या प्रवासाचा नकाशा काढायला कामी येतात.

शेवटी मूळ पानाचे चित्र डोळ्यांनी पाहावेच. टेनेसीतल्या समनर काउंटीच्या 1790 च्या न्यायालयीन नोंदीत ‘ओ. के.’ असल्याचा दावा दीर्घकाळ केला जात होता आणि जॅक्सन यांच्या कथेला त्याचा आधार दिला जाई. ती हस्तलिखित अक्षरे ‘ओ. आर.’ अशी आहेत: ‘ऑर्डर्ड रेकॉर्डेड’, म्हणजे नोंद करण्याचा आदेश.