‘सेव्ह’ दाबल्यावर पान आणतं कोण?

नंतर वाचायला लेख साठवणारं अ‍ॅप निवडताना बहुतेक जण अक्षरांचा आकार, गडद पार्श्वभूमी आणि फोन-लॅपटॉपमधलं सिंक एवढंच पाहतात. खासगीपणा जपायचा असेल तर त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ‘सेव्ह’ दाबल्यावर ते वेबपान प्रत्यक्ष कोण उतरवून घेतं, आपला ब्राउझर की कंपनीचा सर्व्हर?

बऱ्याच सेवांमध्ये हे काम सर्व्हर करतो. आपल्याकडून फक्त लिंक जाते. सर्व्हर ते पान उघडतो, जाहिराती आणि मेन्यू वगळून मजकूर वेगळा काढतो आणि आपल्या खात्यात ठेवतो. म्हणजे कोणत्या खात्याने, कोणत्या वेळी, काय साठवलं हे कंपनीला कळणारच. त्याशिवाय सेवा चालू शकत नाही. आजार, घटस्फोट, कर्जफेड, राजीनामा अशा विषयांवरचे लेख एकाच यादीत दिसले, की त्या माणसाचं काय चाललंय हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. ‘आम्ही सगळं एन्क्रिप्ट करतो’, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवतो, या वाक्यानेही इथे फार फरक पडत नाही. पान सर्व्हरच आणत असेल, तर निदान त्या क्षणी लिंक त्याला उघडी दिसते.

लिंकमध्येही बरंच काही दडलेलं असतं. लिंकच्या शेवटी जोडलेल्या ‘यूटीएम_सोर्स’ (utm_source) किंवा ‘एफबीसीएलआयडी’ (fbclid) यांसारख्या शेपट्या आपण कुठून आलो ते सांगतात. त्या काढूनच लिंक साठवावी, पण प्रश्नचिन्हापुढचं सरसकट उडवू नये. काही साइटवर लेखाचा क्रमांकच तिथे असतो. ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशा पद्धतीने शेअर केलेली कागदपत्रं मात्र अशा सेवेत कधीच टाकू नयेत. तिथे लिंक हीच किल्ली असते.

दुसरा मार्ग म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं पान तिथूनच साठवणं. ‘सिंगलफाइल’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, चित्रांसकट अख्खं पान एका एचटीएमएल फाइलमध्ये बांधतं. ‘ऑब्सिडियन वेब क्लिपर’ मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा असलेल्या मजकूर-फाइलमध्ये, आपल्याच फोल्डरमध्ये टाकतं. लॉगिन करून वाचायचे लेखही यात नीट साठतात. सर्व्हरकडून आणवले तर अनेकदा लेखाऐवजी लॉगिनचं पानच हाती येतं. अडचणी आहेतच. चित्रं मजकुराच्या रूपात कोंबताना दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, त्यामुळे त्यांचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. अनेक साइट आपण खाली सरकेपर्यंत चित्रं आणतच नाहीत, म्हणून साठवण्याआधी पान तळापर्यंत सावकाश सरकवावं, नाहीतर चित्रांच्या जागी राखाडी चौकोन साठवले जाण्याची शक्यता असते.

एक्स्टेन्शन घेताना परवानग्या वाचाव्यात. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी म्हणजे बँकेचं पानसुद्धा त्याच्यापुढे उघडं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन साइटचा अ‍ॅक्सेस ‘क्लिक केल्यावरच’ असा करता येतो. साठवण्यासाठी तेवढा पुरतो.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते चित्रांकडे. काही साधनं मजकूर साठवतात, पण चित्रं मूळ साइटवरच राहू देतात. मग साठवलेला लेख महिन्याभराने उघडला, तरी आपला आयपी पत्ता (आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वाचण्याची वेळ तिकडे पोचते. तपासणं सोपं आहे. संगणकावर एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ टॅब उघडा, साठवलेला लेख पुन्हा लोड करा आणि डोमेनची नावं पाहा. साधनाच्या सर्व्हरशिवाय दुसरं नाव दिसलं, तर गळती आहे. ‘वॉलाबॅग’ या लेख साठवणाऱ्या साधनात चित्रं स्वतःकडे उतरवून घेण्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये सुरू करावी लागते. ‘रीडेक’ हे तसंच दुसरं साधन प्रत्येक लेख चित्रांसह एका झिप फाइलमध्ये ठेवतं.

ही दोन्ही मुक्तस्रोत (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे अशी) साधनं आपल्या सर्व्हरवर चालवता येतात, आणि फोन व लॅपटॉप दोन्हींवर वाचणाऱ्यासाठी हा सर्वांत चांगला पर्याय आहे. फक्त देखभालही आपल्याच गळ्यात येते. डॉकरने, म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या तयार डब्यात चालवणाऱ्या साधनाने, वॉलाबॅग बसवलं तर सुरुवातीचं युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘wallabag’च असतात, ते पहिल्या मिनिटाला बदलावेत. डेटाचं फोल्डर कंटेनरबाहेर जोडलं नाही, तर अपडेटसाठी कंटेनर नव्याने बनवताच साठा जातो. सर्व्हर इंटरनेटवर उघडा न ठेवता वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून (आपल्या उपकरणांपुरत्या खासगी जोडणीतून) वापरावा. शिवाय घरच्या सर्व्हरने पान आणलं, तर मूळ साइटला घरचाच आयपी पत्ता दिसतो.

सेवा बंद पडण्याचा धोकाही धरायलाच हवा. लेख साठवणारं ‘ऑम्निव्होर’ नोव्हेंबर २०२४मध्ये बंद झालं, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं तसंच ‘पॉकेट’ ८ जुलै २०२५ला. पॉकेटच्या निर्यातीत (साठा बाहेर काढून दिलेल्या फाइलमध्ये) लिंक आणि टॅग मिळाले, लेखांचा मजकूर नव्हे. आणि नुसत्या लिंकांचा भरवसा किती? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४च्या पाहणीत, २०१३मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून नव्या साधनात आधी पाचच लेख टाकावेत: एक चित्रांचा, एक तक्त्यांचा, एक लॉगिनमागचा, एक मराठी आणि एक खूप लांब. लगेच निर्यात करून ती फाइल विमान मोडमध्ये उघडावी. मजकूर, तक्ते आणि चित्रं जागेवर दिसली, तरच जुनी यादी तिकडे हलवावी.