लोहाफेक्स

दक्षिण महासागरात लोहाचे खत घालून वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगत कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ होते का आणि त्या वाढीबरोबर हवेतला कार्बन समुद्रतळाकडे जातो का, हे पाहणारा भारत-जर्मनी संयुक्त प्रयोग. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी तो जानेवारी ते मार्च २००९ मध्ये केला. नावात ‘लोहा’ हा हिंदी शब्द आहे.

दक्षिण महासागराच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक, तरीही प्लवक विरळ. हे कोडे लोहाच्या टंचाईमुळे पडते, असे अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी मांडले. हिमयुगांत वाऱ्याने आलेल्या धुळीतून समुद्राला जास्त लोह मिळाले, प्लवक फोफावले आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला, हा त्यांचा तर्क. अर्धा टँकर लोह द्या, मी हिमयुग देतो, असे ते १९८८ मध्ये म्हणाले होते. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले; त्याच वर्षी गालापागोस बेटांजवळ समुद्रात लोह घालण्याचा पहिला प्रयोग झाला.

लोहाफेक्ससाठी ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केपटाउनहून निघाले तेव्हा पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपांमुळे जर्मनीत प्रयोग थांबवण्याचा आदेश निघाला. तपासणीनंतर परवानगी मिळाली. गोव्याच्या संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मन संस्थेचे व्हिक्टर स्मेटासेक यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण अटलांटिकमधील एका भोवऱ्यात, सुमारे ३०० चौरस किलोमीटर पट्ट्यात, लोह सल्फेटचे द्रावण सोडले गेले. भोवरा मुद्दाम निवडला होता, कारण त्यात पाणी गोल फिरत राहते आणि खत घातलेला पट्टा विखरत नाही.

प्लवक वाढले, पण बेताचेच. करंडक वनस्पती, म्हणजे डायाटम, सिलिकाचे कवच बांधतात, आणि या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी जवळजवळ संपवली होती. जे इतर सूक्ष्म प्लवक वाढू लागले, त्यांना कोपेपॉड हे झिंग्यांच्या दूरच्या नात्यातले बारीक जीव खात राहिले, आणि कोपेपॉडांवर ॲम्फिपॉड हे त्यांच्याहून मोठे कवचधारी जीव ताव मारत होते. त्यामुळे खोल पाण्यात फारच थोडा कार्बन गेला. २००४ च्या आयफेक्स या दक्षिण महासागरातल्याच लोहखत प्रयोगात मात्र, जिथे सिलिका होती तिथे, डायाटमांच्या बहराचा निम्म्याहून अधिक भाग हजार मीटरखाली बुडाला होता. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते लोहाफेक्सला अपयशी म्हणणे अन्यायाचे आहे: लोहाबरोबर सिलिका हवी आणि खाणाऱ्यांचा हिशेब आधी मांडायला हवा, हे त्यानेच प्रत्यक्ष दाखवले. २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉल या समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात अशा खतप्रयोगांवर निर्बंध घालणारी दुरुस्ती मंजूर झाली. वैध संशोधनाला त्यात वाट ठेवली आहे.