अगंज पोलादाचे छिद्रण

अगंज पोलादाचे, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील स्टेनलेस स्टीलचे छिद्रण : अगंज पोलादाचा पत्रा, पट्टी, नळी किंवा ठोकळा यांना पीळदार ड्रिलने भोक पाडण्याची क्रिया. मृदू पोलादावर बसलेला हात येथे तसाच चालवला की ड्रिलची धार काही सेकंदांत जाते; म्हणून यंत्रकामात या क्रियेचा वेगळा विचार करतात. धातू फार कठीण असल्याने ड्रिल बोथट होते, हा समज सार्वत्रिक असला तरी तो टिकत नाही. सिंक, भांडी आणि खाद्यप्रक्रियेची यंत्रे यांत सर्रास आढळणाऱ्या ३०४ या प्रतीची कठिनता, अनुशीतन (तापवून मऊ करणे) केलेल्या स्थितीत, ब्रिनेल मापाने जेमतेम २०० पर्यंत असते. रॉकवेल सी या वेगळ्या मापावर ६३ ते ६५ भरणाऱ्या ड्रिलपुढे ती काहीच नव्हे (दोन मापांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत). ड्रिल जाते ते धातू कापला न जाता घासला गेल्यामुळे.

धातूचे वर्तन : ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. निकेलमुळे ऑस्टेनाइट ही पोलादाची उच्च तापमानातील संरचना नेहमीच्या तापमानालाही टिकून राहते. ही संरचना चिवट असते आणि तिच्यावर ठोका, दाब किंवा घर्षण आले की तो थर झपाट्याने कठीण होत जातो. त्यातील काही भागाचे मार्टेन्साइट या कठीण, चुंबकीय संरचनेत रूपांतरही होते. पत्रा वाकवलेल्या जागी चुंबक किंचित धरतो तो यामुळेच. भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून पारख करणारे गिऱ्हाईक नेमके येथे फसते. ड्रिल एका जागी नुसते फिरत राहिले, तर त्याच्या टोकाखाली असाच कठीण, आरशासारखा चकचकीत थर तयार होतो आणि पुढचा प्रत्येक फेरा त्या थरावर खर्ची पडतो. दाबाने कठीण होण्याचा हा गुण रॉबर्ट हॅडफील्ड यांच्या १८८२ च्या मँगॅनीज पोलादापासून धातुविज्ञानाला चांगला परिचित आहे.

दुसरी अडचण उष्णतेची. मृदू पोलादाची ऊष्मीय संवाहकता दर मीटर-केल्व्हिनला ५० वॉटच्या आसपास असते, ३०४ ची सुमारे १६. कापताना निर्माण होणारी उष्णता जॉबमध्ये, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यात, पसरत नाही. ती ड्रिलच्या धारेवर साचते.

सर्व प्रती मात्र सारख्या त्रासदायक नाहीत. २०० मालिकेत निकेलचा काही भाग काढून मँगॅनीज व नायट्रोजन घातलेले असतात. भारतात स्वस्त भांडी आणि कठड्याच्या नळ्या यांत ही मालिका फार चालते, आणि ती ३०४ पेक्षाही लवकर कठीण होते. ४३० ही निकेलरहित फेराइटी प्रत त्या मानाने सोपी. ३०३ मध्ये किमान ०.१५ टक्के गंधक मुद्दाम ठेवलेले असते, त्यामुळे कीस तुटून पडतो. पण तिचा गंजरोध व जोडक्षमता कमी असल्याने ती बहुधा खरादकामाच्या गजांपुरतीच राहिली आहे.

हा धातू प्रथम कोणी केला याविषयी मतभेद आहेत. इंग्रजी ग्रंथ शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांच्या ऑगस्ट १९१३ मधील सुमारे १२.८ टक्के क्रोमियमच्या ओतकामाला मान देतात, तर जर्मन ग्रंथ एसेन येथील क्रुप कारखान्यातील एडुआर्ट माउरर व बेन्नो श्ट्राउस यांच्या १९१२ च्या पेटंट अर्जांना. छिद्रणाच्या दृष्टीने पाहता दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते. ब्रेअर्ली यांचे पोलाद सुऱ्या-चाकूंचे, मार्टेन्साइटी होते. आजचे ३०४ हे क्रुपच्या क्रोमियम-निकेल पोलादाच्या वंशातले आहे.

पीळदार ड्रिलचा उगम : पीळदार ड्रिल येण्यापूर्वी धातूसाठी चपट्या पात्याचे ड्रिल वापरत. ते कीस बाहेर आणत नसे आणि खोल भोकात अडकून बसे. पीळदार ड्रिलचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातल्या ईस्ट ब्रिजवॉटर येथील स्टीव्हन मोर्स यांना देतात. काहींनी शोधाचे वर्ष १८६१ दिले आहे, काहींनी १८६३. दुसरे वर्ष पेटंटचे आहे (क्रमांक ३८,११९, ७ एप्रिल १८६३). मोर्स यांची कंपनी पुढे न्यू बेडफर्ड येथे नावारूपास आली. ड्रिलच्या मुठीकडील निमुळत्या भागाला आजही मोर्स टेपर म्हणतात, त्यामुळे शोधाचे श्रेयही त्याच नावाकडे आपसूक गेले असावे. जर्मन भाषेतील ग्रंथांत मात्र स्विस अभियंता जोव्हान्नी मार्तिन्योनी यांचे नाव १८६३ या वर्षाशी जोडलेले आढळते.

या दोन्ही मतांना अडचणीत आणणारा पुरावा मिलिंग यंत्राच्या, म्हणजे फिरत्या दातेरी कर्तकाने धातू कापणाऱ्या यंत्राच्या, इतिहासात मिळतो. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत बंदुका तयार होत. बंदुकीच्या निपलसाठी (ठिणगी आत नेणाऱ्या बोंडीसाठी) बारीक भोक लागे आणि ते पाडणारे पीळदार ड्रिल कारागीर पोलादी सळईवर गोल कानशीने हातानेच घासून काढत. त्या कंपनीतील फ्रेडरिक हाऊ यांनी या वेळखाऊ कामाविषयी ब्राउन अँड शार्प या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांच्याकडे विचारणा केली आणि ब्राउन यांनी सर्पिल खोबण कापू शकणारे सार्वत्रिक मिलिंग यंत्र तयार केले. पहिले यंत्र मार्च १८६२ मध्ये प्रॉव्हिडन्स टूलकडे गेले. हा वृत्तांत ग्राह्य धरला, तर पेटंटच्या निदान वर्षभर आधी पीळदार ड्रिल कारखान्यात रुळलेले होते. मोर्स यांना शोधक न म्हणता त्याचे व्यापारी उत्पादन करणारे पहिले मोठे उत्पादक म्हणणे अधिक सुरक्षित दिसते. हाताने घासलेले पहिले ड्रिल कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ड्रिलचे पोलाद : सुरुवातीचे पीळदार ड्रिल कार्बन पोलादाचे असे आणि २५० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे पाणी उतरे. फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टील कंपनीत १८९८–१९०० च्या सुमारास विकसित केलेले उच्चवेगी पोलाद (एचएसएस) ६०० अंशांपर्यंत धार राखते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या प्रात्यक्षिकाने खळबळ उडवली. अगंज पोलादासाठी आज एम-२ (टंगस्टन ६, मॉलिब्डेनम ५, क्रोमियम ४, व्हॅनेडियम २ टक्के), एम-३५ (त्यातच ५ टक्के कोबाल्ट) आणि एम-४२ (कोबाल्ट ८ टक्के) या प्रती वापरतात. वेग आणि दाब नीट सांभाळले, तर थोड्या भोकांना चांगल्या प्रतीचे एम-२ पुरते. कोबाल्ट लागतो तो रोजच्या कामाला. कोबाल्टने उष्णतेतील कठिनता वाढते, पण ठिसूळपणाही येतो, म्हणून हातयंत्रावर लांब ड्रिलपेक्षा आखूड बांध्याचे ड्रिल बरे. घन कार्बाइडचे ड्रिल तर हातयंत्राच्या किंचित हेलकाव्यानेही टिचते. ते ताठ, पक्क्या यंत्रासाठीच ठेवावे. टायटॅनियम नायट्राइडच्या सोनेरी लेपावरून खालच्या पोलादाची प्रत कळत नाही. स्वस्त ड्रिलवर हाच रंग सर्रास दिसतो, आणि धार लावताना टोकावरचा लेप निघून जातो तो निराळाच.

टोकाची घडण : सर्वसाधारण ड्रिलचा टोककोन ११८ अंश, अगंज पोलादासाठी १३५ अंश पसंत करतात. त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते टोकाच्या मधोमध असलेल्या आडव्या धारेचे प्रकरण. दोन्ही ओठांना, म्हणजे कापणाऱ्या दोन कडांना, जोडणारी ही धार केंद्राजवळ जवळपास स्थिर असते. ती कापत नाही. धातू चिरडून बाजूला सारते, आणि हाताने लावलेल्या दाबाचा मोठा वाटा तीच खाते. ज्या धातूला चिरडलेले सोसत नाही त्याच्यासाठी ही घडण सर्वांत वाईट. म्हणून आडवी धार दोन्ही बाजूंनी घासून छोटी करतात. अशा फोडलेल्या टोकाला बाजारात ‘स्प्लिट पॉइंट’ म्हणतात. ते जागेवरून सरकतही नाही. सरकू नये म्हणून ठोकलेला पंच फार खोल नसावा, कारण पंचाखालचा धातू तेवढाच कठीण होतो. शंकूऐवजी तीन पैलूंचे टोक असलेल्या पंचाला हलका ठोका पुरतो, म्हणून काही फिटर तोच वापरतात.

वेग व भरण : तक्त्यांत ३०४ साठी उच्चवेगी पोलादाच्या ड्रिलचा कर्तनवेग मिनिटाला १० ते १५ मीटर दिलेला असतो. १२ मीटर धरला, तर ३ मिमी. ड्रिलला मिनिटाला सुमारे १,२७०, ६ मिमी.ला ६४०, १० मिमी.ला ३८० आणि १२ मिमी.ला ३२० फेरे येतात. घरगुती हातयंत्र पूर्ण दाबल्यावर २,७०० च्या आसपास फिरते, ६ मिमी. ड्रिलच्या कडेचा वेग तेव्हा मिनिटाला ५१ मीटर होतो, म्हणजे हव्या त्या वेगाच्या चौपट. यंत्राला दोन गिअर असतील, तर पहिला गिअर येथेच लावायचा.

वेगाइतकीच भरण, म्हणजे दर फेऱ्याला ड्रिल धातूत उतरते ते अंतर, निर्णायक आहे, आणि ग्रंथांत तिला मिळणारी जागा त्या मानाने थोडी. प्रत्येक फेऱ्यात धार आधीच्या फेऱ्याने कठीण केलेल्या थराच्या खाली उतरली पाहिजे. ६ मिमी. ड्रिलला दर फेऱ्याला ०.१ मिमी. भरण दिली, तर ६४० फेऱ्यांनी ते मिनिटाला ६४ मिमी. जाते, २ मिमी. पत्रा, टोकाची सव्वा मिलिमीटर उंची धरूनही, तीन सेकंदांत पार होतो. हाताने इतकी भरण साधत नाही, पण हेतू तोच: सलग, ठाम दाब. भीतभीत चालवलेले ड्रिल आधी जळते. दोन्ही खोबणींतून रुपेरी किंवा फिकट पिवळा सलग कीस वेटोळे घेत येत असेल, तर काम ठीक चालले आहे. तो निळा पडू लागला तर वेग कमी करावा. कीस थांबून किंचाळण्यासारखा आवाज आला की ड्रिल तत्काळ उचलावे.

आधी लहान भोक पाडून मग मोठे करावे की एकदम पूर्ण मापाचे, याबाबत कारागीर व हस्तपुस्तिका यांचे एकमत नाही. आधीच्या भोकामुळे आडव्या धारेचे काम वाचते, हे खरे. परंतु त्या भोकाची भिंत कठीण झालेली असते आणि मोठ्या ड्रिलच्या ओठाचा नाजूक भाग तिच्यावरच आदळतो. फोडलेल्या टोकाचे ड्रिल असेल, तर साधारण ८ मिमी.पर्यंत एकदम पूर्ण माप घेणे हितावह दिसते. त्यावरील मापांना आधीचे भोक मोठ्या ड्रिलच्या गाभ्याच्या, म्हणजे दोन खोबणींमधल्या भागाच्या, जाडीएवढेच ठेवावे.

वंगण : गंधकयुक्त कर्तन तेल उत्तम. कारखान्यात पाण्यात मिसळलेले सोल्युबल तेल सलग धारेने सोडतात. तेथे तेलाचा ओघ मध्येच तुटणे हे तो नसण्यापेक्षा घातक, कारण ड्रिलच्या तापलेल्या धारेला तडे जातात.

पातळ पत्रा : सिंकच्या साधारण १ मिमी. पत्र्यात नळाचे भोक पाडताना खाली लाकडी ठोकळा दाबून धरतात. पत्रा लचकला की दाब वाया जातो. १० मिमी.वरील भोकांना पायऱ्यांचे स्टेप ड्रिल किंवा कार्बाइड दातांचा होल सॉ (भोक पाडणारी गोल करवत) सोयीचा. आरपार निघताना धार पकडते, म्हणून शेवटी हात सैल करावा. हातमोजे यंत्राजवळ नकोतच.

बिघडलेले भोक : तळाशी चकचकीत थर बसला, तर त्याच ड्रिलने जोर लावून उपयोग नसतो. शक्य असल्यास उलट बाजूने नव्या धारेचे ड्रिल लावतात. टोककोन वेगळा असेल, तर ओठ थराला कडेने भिडतो आणि तो फुटतो. अनुशीतनाने थर मऊ होईल, पण त्यास १,०५० अंशांच्या आसपास तापवावे लागते, जे बसवलेल्या सिंकला अशक्य आहे. ड्रिलला धार लावताना दोन्ही ओठ समान लांबीचे ठेवावे लागतात, अन्यथा एकच ओठ कापतो व भोक मोठे होते. तापलेले ड्रिल पाण्यात बुडवू नये.

भोकाच्या कडेची बुरी (वर आलेली धारदार किनार) काढून तेल पुसतात, कारण क्लोरीनयुक्त तेल मागे राहिल्यास गंजाला वाव मिळतो. आधी मृदू पोलादावर चाललेल्या ड्रिलचा किंवा कानशीचा लोखंडी कीस भोकात रुतला, तर काही दिवसांत तेथे तपकिरी ठिपके उठतात. हा गंज बहुधा त्या परक्या लोखंडाचा असतो. सौम्य नायट्रिक किंवा सायट्रिक अम्लाने तो निघतो आणि क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर पुन्हा बसतो.